अकरा वर्षांत सहा अधिकारी बदलले : पीपीपी करारांची माहिती कार्यालयात टिकवायची कशी?

कार्यासन_सात

नमस्कार मंडळी,

एका सरकारी प्राधिकरणाच्या पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारी) कक्षात मी पाच महिन्यांपूर्वी रुजू झाले. त्याआधीची माझी सगळी नोकरी बांधकामाच्या बाजूला गेली. निविदा, मोजमाप पुस्तिका, देयकं, काम संपलं की नस्ती बंद. इथे नस्ती बंदच होत नाही. माझ्याकडे चार करार आहेत : एक जलशुद्धीकरण प्रकल्प, दोन पथकर रस्ते आणि एक बसस्थानक. सगळे वीस ते तीस वर्षांचे. जलशुद्धीकरणाचा करार अकराव्या वर्षात आहे आणि या खुर्चीवर बसलेली मी सहावी.

दोन महिन्यांपूर्वी तो प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. पावसाळ्यात शुद्ध पाण्याची गुणवत्ता दोन आठवडे निकषात बसली नव्हती, म्हणून आम्ही मासिक शुल्कातून कपात केली होती. पत्रातली खरी ओळ अशी : "चौथ्या वर्षी उभयपक्षी ठरल्याप्रमाणे नदीच्या पाण्याचा गढूळपणा मर्यादेपलीकडे गेल्यास कपात लागू होत नाही, सबब रक्कम परत करावी." करारात असं कलम नाही. पण "उभयपक्षी ठरलं" म्हटल्यावर नाही म्हणायलाही पुरावा हवा. नस्तीचे चौदा खंड मी आणि माझा सहायक पानन् पान बघत बसलो. चौथ्या वर्षाच्या खंडात बैठकीची सूचना आहे, उपस्थितांच्या सह्यांचा कागद आहे, इतिवृत्त नाही.

तेव्हाचे अधिकारी आता निवृत्त झालेत. त्यांना फोन केला. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "हो, ठरलं होतं. पण आपण अट घातली होती. जॅकवेलवर दोघांनी मिळून नमुना घेतला असेल तरच." (जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर.) तोंडी सांगणं ठीक, पण मी ते पत्रात कसं लिहिणार?

नवव्या दिवशी इतिवृत्त सापडलं, तेही लेखा शाखेत. त्या वर्षीच्या एका देयकाला लेखापालांनी आधार म्हणून प्रत लावून ठेवली होती. तिसऱ्या पानावर सहावा मुद्दा कंपनी म्हणते तसाच टाइप केलेला. त्याच्या शेजारी समासात निळ्या शाईने तीन शब्द : "संयुक्त नमुना घेतल्यास". खाली दोन लघुस्वाक्षऱ्या, एक आपली, एक त्यांची. यंदा संयुक्त नमुना घेतलेलाच नव्हता. कपात कायम राहिली.

कागद सापडला म्हणून निभावलं. त्या लेखापालांना प्रत जोडावीशी वाटली नसती, किंवा ते निवृत्त अधिकारी फोन उचलायला नसते, तर मी सार्वजनिक पैसा परत करून मोकळी झाले असते आणि पुढची चौदा वर्षं तोच पायंडा पडला असता.

संचालकांचं म्हणणं आहे की पोर्टल करा, सगळं स्कॅन करून चढवा. त्यांचा हेतू चांगला आहे. पण चौदा खंड स्कॅन करून मला काय मिळेल? चौदा खंडांची पीडीएफ. मला हवी ती गोष्ट समासात होती आणि एका माणसाच्या डोक्यात होती. तुमच्यापैकी ज्यांनी असे करार सांभाळलेत त्यांना विचारते : नेमकं काय जपायचं, ते लिहायचं कोणी, आणि माझी बदली झाल्यावर ते चालू कसं राहील?

---

अभिलेख_कक्ष

ताई, स्कॅनिंगला नाही म्हणू नका, पण क्रम बदला. चौदा खंडांपासून सुरुवात केलीत तर पहिले सहा महिने त्यातच जातील.

आधी चार गोष्टी शोधा. सही झालेला मूळ करार, प्रत्येक परिशिष्टासह (परिशिष्टं नेहमी वेगळ्या कपाटात असतात आणि आकडे तिथेच असतात). निविदापूर्व प्रश्नांना दिलेली लेखी उत्तरं. सगळे पूरक करार. आणि आर्थिक प्रारूप, म्हणजे प्रकल्पाच्या पैशांचं सगळं गणित असलेली, वित्तपुरवठा नक्की झाला त्या दिवशीची एक्सेल फाइल, छापील प्रत नव्हे.

निविदापूर्व उत्तरांवर मी मुद्दाम जोर देतोय. कलमाचा अर्थ काय घ्यायचा होता हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं, कारण बोली लावणाऱ्यांनी तोच प्रश्न आधी विचारलेला असतो. आणि तोच कागद "निविदा प्रक्रिया संपली" म्हणून सर्वांत आधी नष्ट करायच्या यादीत जातो. आमच्याकडे एकदा तो गठ्ठा मी निर्लेखनाच्या (नष्ट करायच्या कागदांच्या) गाडीतून परत उतरवून घेतलाय. तुमच्याकडे या नस्त्यांवर जतनाचा कोणता वर्ग टाकलाय ते आजच बघा. करार पंचवीस वर्षांचा आणि नस्तीचा वर्ग दहा वर्षांचा असेल तर अकराव्या वर्षी काय होतं ते वेगळं सांगायला नको. तुमचा करार अकराव्या वर्षातच आहे.

---

जुनी_नस्ती

मी एकोणीस वर्षं हेच काम केलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुमचं पोस्ट वाचून तुमच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या जागी मी स्वतःला पाहिलं. मलाही अजून फोन येतात. मी उचलतो. पण मला फोन करावा लागतो याचा अर्थ मी माझं काम पुरं करून निघालो नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी पोर्टलबद्दल. कागद कुठे ठेवायचा हा दुसरा प्रश्न. तुमच्या प्रकरणात कागद होता. नव्हतं ते कारण. ती अट का घातली, कोणत्या कलमाच्या आधारे घातली, पुढच्या वर्षांना ती लागू आहे की त्या एका पावसाळ्यापुरती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. करार तर दोन्ही बाजूंकडे सारखाच असतो. सही झाली त्या दिवशी त्यातलं कळणारी माणसंही दोन्हीकडे सारखीच असतात. नंतर आपली माणसं बदलीवर जातात, सल्लागाराचं बिल निघालं की तो जातो, आणि कंपनीकडे तोच करार-व्यवस्थापक बारा वर्षं बसलेला असतो. बैठकीत तो म्हणतो, "साहेब, हे आपलं ठरलेलं आहे," आणि आपण एकमेकांकडे बघतो.

मी स्वतः यात कसा पोळलो ते सांगतो. करारात एक कलम होतं : कंपनीने पाठवलेल्या नकाशावर एकवीस दिवसांत हरकत घेतली नाही तर तो मान्य समजला जाईल. बहुतेक पीपीपी करारांत असं मानीव मान्यतेचं कलम असतं, आणि ते योग्यही आहे, नाहीतर सरकारी टेबलावर प्रकल्प अडकून पडेल. बसस्थानकाचा नकाशा आला. मी तो अभिप्रायासाठी दुसऱ्या शाखेला पाठवला. मुदतीचा उल्लेख मी माझ्या टिपणीत केला नाही, आणि त्या शाखेने करार कधी पाहिलेलाच नव्हता. अभिप्राय आला सव्विसाव्या दिवशी : फलाट चार आणि पाचच्या मधले दोन खांब बसच्या वळण्याच्या कक्षेत येतात. अभिप्राय शंभर टक्के बरोबर होता. आम्ही हरकत कळवली. कंपनीने नम्रपणे कलम दाखवलं आणि बदल हवा असेल तर तो प्राधिकरणाच्या खर्चाने होईल असं लिहिलं. तेवढी तरतूद नव्हती. ते खांब उभे राहिले. आजही त्या दोन फलाटांवर बस मागे घेऊन लावावी लागते, आणि मागे एक माणूस शिट्टी घेऊन उभा असतो. मी तिथून जातो तेव्हा ती शिट्टी मला ऐकू येते.

त्यानंतर मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. कंपनीला जाणाऱ्या प्रत्येक पत्रासोबत नस्तीत एक पान लावायचं. आम्ही त्याला "कारण-पान" म्हणायचो. आणि खरी मेख इथे आहे : ते पान जोडलेलं नसेल तर आवक-जावक लिपिकाने जावक क्रमांक द्यायचा नाही. मी कार्यालयीन आदेश काढून हे त्यांच्या हातात दिलं. अधिकारी सहा बदलले, पण जावक क्रमांकाशिवाय पत्र कोणालाच पाठवता येत नाही. माहिती जपायची तर ती अशा ठिकाणी बांधा जिथून काम गेल्याशिवाय राहत नाही. "सवडीने भरा" असं जे जे म्हटलं ते कधीच भरलं गेलं नाही. मीही भरलं नाही.

पानावर काय असायचं? तुमचंच प्रकरण घेतो. मी असं लिहिलं असतं :

"कंपनीची मागणी : अतिगढूळ पाण्याच्या काळात कपात नको. संबंधित कलम व परिशिष्ट क्रमांक. निर्णय : मान्य, पण जॅकवेलवर दोघांनी मिळून नमुना घेतला तरच. कारण : गढूळपणाचं मोजमाप फक्त कंपनीच्या यंत्रावर होतं, ते पडताळायला आपल्याकडे दुसरं साधन नाही. दुसरा विचारात घेतलेला पर्याय : आपलं स्वतंत्र यंत्र बसवणं, खर्चामुळे तूर्त नाही. लागू : स्वतंत्र यंत्र बसेपर्यंत. पुढे काय करायचं : दर पावसाळ्याआधी कंपनीला संयुक्त नमुन्याचं वेळापत्रक कळवणं. पुढची तारीख : अमुक."

वीस मिनिटांचं काम. त्यातली "कारण" ही ओळ सर्वांत मोलाची, कारण परिस्थिती बदलली की निर्णय बदलायचा का नाही ते फक्त त्या ओळीवरून कळतं. यंत्र बसलं की अट संपली, हे नवा माणूस कोणालाही न विचारता वाचू शकतो. आणि "पुढची तारीख" नोंदवहीत उतरवायची. तुमच्याकडे यंदा संयुक्त नमुना घेतलाच गेला नाही असं तुम्ही लिहिलंय. या खेपेला ते प्राधिकरणाच्या पथ्यावर पडलं. पण बोलावायचं कोणी होतं? कंपनी पुढच्या वर्षी "आम्ही तयार होतो, तुम्ही आला नाहीत" असं लिहील.

---

दुसऱ्या_बाजूने

मी खासगी कंपनीच्या बाजूने अशा प्रकल्पांवर काम करते. वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे प्रकल्प सुरू झाला की पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्राला कलमाचा क्रमांक लागतो. बैठक संपली की त्याच संध्याकाळी आम्ही आमची टिपणं ईमेलने पाठवतो आणि खाली लिहितो, "तीन दिवसांत हरकत न आल्यास हेच इतिवृत्त ग्राह्य धरू." समोरून बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पाच वर्षांनी ते आमचं इतिवृत्त राहत नाही, दोघांचं होतं. यात लबाडी नाही, आमच्या कर्जदात्या बँका दर तिमाहीला आमच्याकडून याचा हिशेब घेतात, म्हणून आम्ही नोंदी ठेवतो. तुमच्याकडून तसा हिशेब मागणारं कोणी नाही, हा फरक आहे.

एक विनंती. इतिवृत्त तुम्ही लिहा. तुमच्या करारात ते कोणी लिहायचं हे नक्की दिलेलं असेल. जिथे समोरचा अधिकारी करार वाचून येतो तिथे बैठक पाऊण तासात संपते, आणि जिथे वाचलेला नसतो तिथे प्रत्येक साधी गोष्ट "वरिष्ठांना विचारून कळवतो" म्हणून महिनाभर लटकते. त्या महिन्याचा तोटा आम्हालाही होतो. तुमचं कार्यालय करार विसरलं की आमचा फायदा होतो असं अनेकांना वाटतं. मी बारा वर्षांत पाहिलेल्या वादांपैकी बरेच असे होते जे समोर जाणकार माणूस असता तर लवादापर्यंत गेलेच नसते.

जुनी_नस्ती काका, त्या एकवीस दिवसांच्या कलमाबद्दल एक सांगते. आमच्याकडे नकाशा पाठवताना पत्राच्या पहिल्या ओळीत मुदत संपण्याची तारीख लिहायची पद्धत आहे. सगळ्या कंपन्या लिहीत नाहीत. ती लिहिणं बंधनकारक करून घ्या, अगदी पुढच्या समन्वय बैठकीत. कोणी नाही म्हणणार नाही.

---

मसुदाकार

मी वकील आहे, सरकारी बाजूने लवादात काम केलंय. कारण-पानाची कल्पना मला मनापासून आवडली, पण दोन ठिकाणी जपा.

पहिलं, इतिवृत्ताने करार बदलत नाही. जवळपास प्रत्येक करारात लिहिलेलं असतं की बदल लेखी आणि दोन्ही बाजूंच्या अधिकृत व्यक्तींच्या सहीनेच होईल. समासातल्या लघुस्वाक्षऱ्या अधिकृत व्यक्तींच्या होत्या का? ती सवलत द्यायचा अधिकार त्या बैठकीतल्या कोणाला होता का? यावेळी अट तुमच्या कामी आली म्हणून तुम्ही तो मुद्दा मान्य केल्यासारखं झालंय, हे लक्षात घ्या. ती समजूत चालू ठेवायची असेल तर सक्षम मान्यता घेऊन पूरक करार करा. नको असेल तर तसं लेखी कळवा. मधल्या अवस्थेत राहू नका.

दुसरं, कारण-पानावर घडलेलं आणि ठरलेलं लिहा. "आपली बाजू इथे कमकुवत आहे" हा कायदेशीर सल्ला त्या पानावर नको, तो विधी शाखेच्या वेगळ्या नस्तीत. वाद उभा राहिला की नस्ती समोर मागितली जाऊ शकते. घडल्या दिवशी लिहिलेल्या साध्या नोंदीला लवादात मोठं वजन असतं. चार वर्षांनी आठवून दिलेल्या प्रतिज्ञापत्राला तेवढं नसतं.

आणखी एक, सगळे पूरक करार मूळ मजकुरात घालून एक एकत्रित प्रत करून घ्या, रोजच्या वापरासाठी. तिच्या प्रत्येक पानावर "संदर्भासाठी, मूळ करार प्रमाण" असा शिक्का मारा. मी अशी कार्यालयं पाहिलीत जिथे तिसऱ्या पूरक कराराने रद्द केलेलं कलम लोक सहा वर्षं वापरत होते, कारण टेबलावर मूळ करार होता आणि पूरक करार कपाटात.

---

कार्यासन_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदाकार, तुमचा पहिला मुद्दा वाचून मी त्याच दिवशी विधी शाखेला टिपणी पाठवली. सह्या बघितल्या. आपल्या बाजूची लघुस्वाक्षरी उपअभियंत्यांची आहे, त्यांना तसा अधिकार नव्हता.

अभिलेख_कक्ष, नस्तीचा वर्ग बघितला. तुमची भीती खरी होती. वर्ग बदलण्याचा प्रस्ताव गेलाय, तोपर्यंत खंड माझ्या खोलीत आणून ठेवलेत.

आर्थिक प्रारूप मात्र मिळत नाही. छापील चाळीस पानं आहेत, आकडे आहेत, सूत्रं नाहीत. एक्सेल त्या वेळच्या सल्लागार संस्थेकडे असेल असं सगळे म्हणतात. इतक्या वर्षांनी त्याची खरंच गरज पडते का? आणि जुनी_नस्ती सर, बाकीच्या शाखांचं काय करायचं? तुमचे खांब उभे राहिले ते करार न पाहिलेल्या शाखेमुळे. माझ्याकडे अशा सहा शाखा आहेत.

---

जुनी_नस्ती

प्रारूपाची गरज नक्की पडते. व्याजदर बदलून कर्जाची फेरमांडणी झाली, कायदा बदलला, करार मुदतीआधी संपवायचा झाला, तर भरपाई किती हे त्याच प्रारूपातून निघतं. ते फक्त कंपनीकडे असेल तर आकडा कंपनी सांगणार आणि तुम्ही त्याच्यावर मोघम शेरा मारणार. करारात प्रारूपाची प्रत कुठे ठेवायची हे लिहिलेलं असेल, बँकांच्या वतीने काम बघणाऱ्या विश्वस्ताकडे किंवा दोन्ही बाजूंकडे सीलबंद. ते कलम दाखवून कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी मागा. मिळालं की एकदा उघडून चालवून बघा, पासवर्डसह. मला मिळालेल्या सीडीवर फाइल होती पण पासवर्ड कोणाकडेच नव्हता.

आता शाखांचं. याचं सगळ्यांनी वाचावं असं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथल्या राज्यमार्ग ९१ च्या मधोमध खासगी कंपनीने पथकर मार्गिका बांधल्या, त्या १९९५ मध्ये सुरू झाल्या. करारात स्पर्धाबंदीचं कलम होतं : दोन्ही बाजूंच्या दीड मैलांच्या पट्ट्यात सरकारने रस्त्याची क्षमता वाढवायची नाही. १९९९ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने त्याच मार्गावर जादा मार्गिकांची आखणी केली आणि कंपनी न्यायालयात गेली. शेवटी २००३ मध्ये ऑरेंज परगण्याच्या परिवहन प्राधिकरणाने त्या मार्गिका २०.७५ कोटी डॉलर देऊन विकत घेतल्या, तेव्हा कुठे रुंदीकरणाचा रस्ता मोकळा झाला. लाखो लोक रोज त्या कोंडीत उभे असताना रस्ता रुंद करणं हे खात्याचं साधं काम, आणि ते एका कलमाने अडवलं.

शिकागोचं दुसरं. २००८ मध्ये शहराने सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी ११५ कोटी डॉलरच्या आसपास घेऊन खासगी हाती दिले. आता शहराने रस्ता बंद ठेवला आणि पार्किंगची जागा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ वापराबाहेर राहिली की भरपाई द्यावी लागते. विचार करा, हा रस्ता बंद कोण करतं? जलवाहिनी दुरुस्त करणारी शाखा, सायकल मार्ग आखणारी शाखा, मिरवणुकीला परवानगी देणारी शाखा. करार एका टेबलावर, आणि त्यातल्या जबाबदारीला हात लावणारे भलतेच. असं ७५ वर्षं सांभाळायचं.

म्हणून मी शाखांना करार वाचायला दिला नाही, कोणी साडेतीनशे पानं वाचत नाही. प्रत्येक शाखेला एकच पान दिलं : "तुमच्या शाखेने हे करायच्या आधी आम्हाला विचारा." रस्ते शाखेच्या पानावर पाच ओळी होत्या, नियोजन शाखेच्या तीन. खाली माझं नाव न टाकता कक्षाचा दूरध्वनी. आणि त्या शाखेच्या परवानगीच्या छापील नमुन्यात एक रकाना घालून घेतला : पीपीपी कक्षाचं ना-हरकत, हो किंवा नाही. रकाना रिकामा असेल तर फॉर्म पुढे जात नाही. पुन्हा तेच, जावक क्रमांकासारखं.

माणसांबद्दल थोडं. बदलीचा आदेश निघाला की दोघांनी किमान दहा दिवस एकत्र बसावं असा मी प्रयत्न केला, निम्म्या वेळाच जमलं. जमलं नाही तेव्हा मी कार्यभार सोडणाऱ्याला एवढंच लिहायला लावलं : सध्या कंपनीशी कोणत्या पाच गोष्टींवर मतभेद आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या मुदती संपतात. कार्यभार हस्तांतरण अहवालात खुर्च्या-कपाटं मोजलेली असतात, हे नसतं. आणि कक्षात एक तरी माणूस असा हवा ज्याची लवकर बदली होणार नाही. माझ्याकडे तो लघुलेखक होता. त्याला कलमं पाठ झाली होती, आणि नव्या अधिकाऱ्याला पहिला आठवडा तोच शिकवायचा. त्याच्या पदनामात हे कुठेच नव्हतं. त्याच्या गोपनीय अहवालात मी ते दर वर्षी लिहिलं.

शेवटच्या टप्प्याचा विचार आत्ताच करा. ब्रिटनमध्ये २०२० च्या सुमारास असे सुमारे ७०० करार चालू होते आणि आता एकेक संपायला लागलेत. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने (सरकारी लेखापरीक्षण संस्थेने) २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात आढळलं की अनेक संस्थांना आपल्याच मालमत्तेची अवस्था पुरेशी माहीत नाही. तिथे सल्ला दिला जातो की करार संपायच्या सात वर्षं आधी तयारी सुरू करा. तुमचा जलशुद्धीकरण प्रकल्प पंचविसाव्या वर्षी परत येणार असेल तर ती तयारी अठराव्या वर्षी. तेव्हा तिथे तुम्ही नसाल. पंप कोणत्या वर्षी बदलले, गाळणीतली वाळू कधी बदलली, हे तेव्हाच्या माणसाला आजच्या नोंदीतूनच कळणार आहे. करारात दर काही वर्षांनी मालमत्तेची संयुक्त पाहणी करायचं कलम आहे का बघा. असतं. आणि कोणी करत नाही.

---

कार्यासन_सात

सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून परिशिष्ट काढलं. कलम आहे. दर पाच वर्षांनी मालमत्तेची संयुक्त पाहणी, स्वतंत्र अभियंत्याच्या उपस्थितीत, खर्च कंपनीचा, मागणी प्राधिकरणाने करायची. पाचव्या वर्षीची झालेली आहे, अहवाल आठव्या खंडात मिळाला, छायाचित्रांसह. दहाव्या वर्षीची मागणीच कोणी केलेली नाही. मी रुजू व्हायच्या आधी ती तारीख येऊन गेली आणि मला सांगणारं कोणी नव्हतं.

आज दुपारी पत्र तयार केलं. सहायकाने विचारलं की एवढ्या साध्या पत्राला कारण-पान लावायचं का. लावलं. "कारण" या ओळीत लिहिलं : "पाचव्या वर्षीच्या पाहणीत गाळणी क्रमांक ३ च्या भिंतीला तडे नोंदवले आहेत, त्यानंतरची अवस्था कार्यालयास ज्ञात नाही." "पुढची तारीख" मध्ये पंधराव्या वर्षाचा महिना टाकला, आणि तो नोंदवहीतही उतरवला.

जावक लिपिक मावशींना आदेशाची प्रत कालच दिली होती. त्यांनी पत्र हातात घेतलं, पान उलटून खालची सही बघितली, आणि मग क्रमांक टाकला.